पाठीवरची चिठ्ठी

मास्तरांच्या जिभेला हाड नव्हतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. मापं घेताना त्यांची फीत जेवढी चालायची त्याच्या दुप्पट तोंड चालायचं. एखादे गृहस्थ पोट आत ओढून ताठ उभे राहिले की मास्तर फीत तशीच धरून म्हणायचे, "सोडा साहेब, श्वास सोडा. कोट तुम्हाला घालायचाय, तुमच्या लग्नाच्या फोटोला नाही." गिऱ्हाईक हसायचं आणि पोट सोडायचं. राग कोणी धरायचं नाही, कारण कोट असा बसायचा की पाठीवर सुरकुती शोधून सापडू नये.

हे झालं चाळीस वर्षांपूर्वीचं. आता मास्तर पंचाहत्तरीला आलेत. गुडघे कुरकुरतात, सुईत दोरा बायकोला ओवून द्यावा लागतो, आणि बोलणं तर असं आटलंय की दिवसभरात दहा वाक्यं झाली तर पुष्कळ. लोक म्हणतात, वयानं माणूस निवतो. कसला वयानं निवतो! त्यांची जीभ कोणत्या दिवशी गप्प झाली ते मास्तरांना वारासकट ठाऊक होतं. सांगितलं मात्र कोणालाच नव्हतं. बायकोला तर नाहीच नाही.

आणि नेमकं तेच विचारायला एके दिवशी एक बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

बाई शब्दकोशाच्या कचेरीतली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत कार्डांचे गठ्ठे, प्रत्येक कार्डावर एक शब्द. गावोगाव फिरून लोकांच्या तोंडचे शब्द टिपायचे आणि ते आले कुठून याचा छडा लावायचा, हे तिचं काम. असल्या कामाला पगार मिळतो हे ऐकून समोरच्या न्हाव्याच्या मुलानं कपाळाला हात लावला होता.

"मेव्हणकी," बाई म्हणाली. "हा शब्द तुमच्याच दुकानातून निघाला म्हणतात. खरं का?"

मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

आता हा शब्द त्या भागात कोणाला माहीत नाही? शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कोणाची खोडी काढणारं, टर उडवणारं काहीतरी लिहायचं, खाली नाव घालायचं नाही, आणि चारचौघांना दिसेल अशा जागी लावून द्यायचं, ती मेव्हणकी. नळाला आठवडाभर पाणी आलं नाही की पाण्याच्या कचेरीच्या दारावर मेव्हणकी लागते. निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यावर मेव्हणकी निघते. कॉलेजातली पोरं मास्तरणींवर मेव्हणक्या लिहितात आणि मार खातात. 'फार शहाणपणा करू नकोस, मेव्हणकी निघेल तुझ्यावर,' असं आया मुलांना दटावतात. एका वर्तमानपत्रात तर दर रविवारी त्याच नावाचं सदर येतं, आणि ते लिहिणाऱ्या गृहस्थांनी मास्तरांचं दुकान जन्मात पाहिलेलं नाही.

"हो," मास्तर म्हणाले. "इथलाच."

आणि त्यांनी चाळीस वर्षं बाहेरून येणाऱ्यांना सांगितलेली गोष्ट परत एकदा सांगितली. दुकानाच्या दारात एक पुतळा असतो. पुतळा म्हणजे लाकडी दांड्यावर बसवलेलं कापडी धड, कोट टांगायला. ना डोकं ना हात. तयार झालेला कपडा त्याला घालायचा आणि वर टाचणीनं चिठ्ठी लावायची, 'डॉक्टरांचा कोट तयार', 'पोस्टमनचा डगला तयार'. म्हणजे येताजाता ज्याचं त्याला कळतं, दुकानात डोकवायला नको. मास्तर त्या चिठ्ठ्यांवर चार शब्द जास्तीचे लिहायचे. 'डॉक्टरांचा कोट तयार. खिसे मोठे ठेवले आहेत, कारण डॉक्टरांनाच ठाऊक.' लोक वाचायला थांबू लागले. मग बाकीचेही गुपचूप येऊन आपापल्या चिठ्ठ्या टोचू लागले. आणि पुतळा दिवसभर दारात उभा, काम शून्य, म्हणून त्याला सगळे मेव्हणा म्हणायचे. मेव्हण्याच्या अंगावरची ती मेव्हणकी. संपली गोष्ट.

बाई खूश झाली. भराभर लिहून घेतलं. "कार्ड टाइप करून आणते, वाचून खाली सही करा," म्हणाली. जाताना दारातल्या पुतळ्यापाशी थांबली, मान वाकडी करून बघत राहिली. "याचा डावा खांदा उतरलाय का हो?"

"जुना झालाय," मास्तर म्हणाले.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यात बसून त्यांची बायको काजे करत होती. तिनं मान वर केली नाही. पण सुई क्षणभर थांबली, ते मास्तरांना पाठमोरे असूनही कळलं. चाळीस वर्षं एका खोलीत सुया चालवल्यावर तेवढं कळतंच.

पुतळा जुना झाला होता हे खरं, पण जुनेपणानं खांदे उतरत नसतात. त्याच्या उजव्या खांद्यावर चिंध्यांची गादी शिवलेली होती, म्हणून डावा खाली वाटायचा. दुपारी चारच्या सुमाराला ऊन गल्लीत तिरपं शिरलं की पुतळ्याची सावली दुकानात यायची आणि हळूहळू सरकत बेतायच्या टेबलावर चढायची. बिनडोक्याची, एक खांदा उतरलेली सावली. ती टेबलावर आली की मास्तर कात्री ठेवून द्यायचे. चहा मागवायचे, गुडघा चोळायचे, काहीबाही करायचे. सावली टेबलावरून उतरून भिंतीला गेली की मगच पुन्हा कापड हातात. गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हातारा चहाचा शौकीन आहे. सावलीखाली कापड कापायचं मास्तरांना धाडस होत नव्हतं, हे कोणाला सांगायचं?

एकदा त्यांनी हिय्या केला होता. वीसेक वर्षं झाली असतील. बायको दळण आणायला गेली होती तेवढ्यात त्यांनी खांद्याची शिवण उसवली, चिंध्या काढल्या आणि कचऱ्यात टाकल्या. पुतळा सरळ झाला. संध्याकाळी गाणं गुणगुणत दुकान बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्या उघडल्या आणि बघतात तर काय! खांदा परत तसाच. तीच गादी, त्याच चिंध्या, वर बारीक टाके. त्या दिवसानंतर त्यांनी पुतळ्याला हात लावला तो फक्त कोट घालण्या-काढण्यापुरता, तोही तोंड फिरवून. कोणी शिवलं, हे विचारायची छाती झाली नाही. विचारलं असतं आणि 'मी नाही' असं उत्तर आलं असतं तर?

ती गादी कोणाच्या मापाची होती ते आता सांगायलाच हवं.

मास्तरांना एक खराखुरा मेव्हणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा बहिणीनंच त्याला कडेवर वाढवला, आणि लग्न झालं तेव्हा तिच्या पाठोपाठ तोही या घरात आला. पोरगा गुणी. अक्षर मोत्यासारखं. पण लाजाळू इतका की दुकानात गिऱ्हाईक आलं तरी हा आतल्या दाराआड. लहानपणी झाडावरून पडला होता, त्यामुळे डावा खांदा जरा उतरलेला. शिकून तीन वर्षं झाली तरी नोकरी लागत नव्हती. मुलाखतीला जायचा आणि तोंडातून शब्द न फुटता परत यायचा. मास्तर चिडवायचे. जेवताना चिडवायचे, आंघोळीच्या रांगेत चिडवायचे. "काय मेव्हणे, आज कुठल्या कचेरीत मौन पाळून आलात?" तो हसायचा आणि ताट घेऊन बहिणीजवळ सरकायचा. मास्तरांच्या मनात काडीचं वाईट नव्हतं. जिभेला सवय, दुसरं काय?

मग पाण्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. कारकुनाची जागा. बहीण हटून बसली, "अहो, याला चांगला कोट शिवा. कोटात माणूस वेगळा दिसतो." मास्तरांनी मनापासून शिवला. करड्या रंगाचं कापड, आतून तलम अस्तर. त्याच्या मापासाठी पुतळ्याच्या उजव्या खांद्यावर चिंध्या भरून तो उंच केला आणि असा बेतला की अंगावर घातल्यावर उतरलेला खांदा दिसूच नये. आयुष्यात शिवलेला सर्वांत चांगला कोट तो. पोरगा दिवसातून चारदा विचारायचा, "भावोजी, झाला का?" आणि मास्तर म्हणायचे, "कोट झालाय रे, तू कधी होतोस?"

आता इथे त्यांच्या दुकानाची एक रीत लक्षात घ्या. बाकीचे शिंपी पुतळा रस्त्याकडे तोंड करून ठेवतात. मास्तर पाठ करून ठेवायचे. त्यांचं म्हणणं, कोटाची पुढची बाजू कोणीही शिवेल, शिंप्याची परीक्षा पाठीत. त्यामुळे चिठ्ठ्याही पाठीवरच टोचल्या जायच्या. रस्त्यातून येणाऱ्याला आधी चिठ्ठी दिसायची, आतून येणाऱ्याला दिसायचीच नाही.

मुलाखतीच्या सकाळी करडा कोट पुतळ्यावर होता. समोरचा न्हावी कट्ट्यावर बसून म्हणाला, "मास्तर, आज चिठ्ठी नाही?" झालं! मास्तरांनी खडू ठेवला, कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं:

'मेव्हणा तयार. तीन वर्षं झाली, न्यायला कोणी येत नाही. मापात बसल्यास फुकट न्यावा.'

पाठीवर टोचला. न्हावी हसून हसून कट्ट्यावरून पडायचा बाकी राहिला. मास्तर वळून इस्त्रीत कोळसे घालायला गेले. तेवढ्यात पोरगा आतून आला. उशीर झालेला. पुतळ्याच्या पुढून कोट काढला, अंगात चढवला, गुंड्या लावत पायरी उतरला आणि निघाला.

मेव्हण्याची पाठ मास्तरांना दिसली. पाठीवरची चिठ्ठी दिसली.

यानंतरची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण चाळीस वर्षं ती हसून हसून सांगितली गेली. तो तसाच भरवस्तीतून चालत गेला. दुकानदार बाहेर येऊन वाचत होते. मागून हशा, पुढे हा पोरगा, पहिल्यांदाच ताठ मानेनं चालणारा, कारण त्याला वाटलं की लोक कोट बघतायत. पाण्याच्या कचेरीत मुलाखत चांगली झाली म्हणे. बोलला तो त्या दिवशी. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. मग नमस्कार करून जायला वळला, आणि साहेबांनी मोठ्यानं वाचलं, आणि म्हणाले, "आम्हाला मापात बसत नाही बुवा." सगळी कचेरी टेबलं बडवून हसली.

मास्तर दुपारी जेवून दुकानात आले तेव्हा कोट पुतळ्यावर होता. नीट घातलेला, तिन्ही गुंड्या लावलेल्या. चिठ्ठी पाठीवर, त्याच जागी, त्याच टाचणीच्या भोकांत. फाडलेली नाही, चुरगळलेली नाही. पोरगा नव्हता. रात्र झाली, दुसरा दिवस उजाडला, तरी नव्हता. स्टेशनं पाहिली, दवाखाने पाहिले, नदीकाठच्या लोकांना विचारून झालं. जिवंत असल्याची खूण नाही की गेल्याची नाही. आणि लोक? लोकांनी आठ दिवसांत पुतळ्यालाच मेव्हणा म्हणायला सुरुवात केली. आलास का रे मेव्हण्या, म्हणून त्याच्या उतरलेल्या खांद्यावर थापा मारायचे आणि चिठ्ठ्या टोचून जायचे. मास्तरांनी चिठ्ठ्या लिहिणं सोडलं, पण लोकांनी कुठे सोडलं? तेव्हापासूनची ती मेव्हणकी. पुतळ्याला आधी नाव नव्हतंच. आळशी पुतळ्याची ती गोड गोष्ट मास्तरांनी मागाहून रचली, आणि ताकाला जाऊन भांडं लपवत आयुष्य काढलं.

बायकोला त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं: चिठ्ठी माझीच, पण ती पुतळ्यापुरती होती. मी इस्त्रीकडे वळलो होतो, तो कधी कोट घालून गेला ते मला कळलंच नाही. तिनं ते खरं मानलं. माहेरचे तिच्याशी भांडले, तुझ्या नवऱ्यानं पोराचा बळी घेतला म्हणाले. तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "त्यांना दिसलं नाही हो. दिसलं असतं तर हाक मारली नसती का?" त्या एका वाक्यासाठी तिनं माहेर तोडलं.

आठवड्यानं कोशवाली बाई टाइप केलेलं कार्ड घेऊन आली. स्टुलावर बसून तिनं ते वाचून दाखवलं. चारचा सुमार होता. सावली टेबलाच्या कडेला आली होती.

"खोटं आहे ते," आतून आवाज आला.

मास्तरांची बायको काजे बाजूला ठेवून उठली आणि दुकानात आली. गिऱ्हाईक असताना ती कधी बाहेर यायची नाही. "पुतळ्याला नाव नव्हतं आधी. माझा भाऊ गेल्यावर पडलं. यांनी ही गोष्ट रचली ती माझ्यासाठी, मला ऐकवेना म्हणून. पण छापायचंच असेल तर खरं छापा." आणि तिनं सगळं सांगितलं, कोट, चिठ्ठी, कचेरी, परत आलेला कोट. एकदाही डोळ्यांना पदर लावला नाही. "सगळं गाव हसलं. हसण्याचा आवाज ऐकून मीसुद्धा आत चुलीपाशी हसले. म्हटलं, यांनी काहीतरी नवीन काढलेलं दिसतंय." ती थांबली. "गावाला तो मेव्हणा. सगळ्या गावाचाच मेव्हणा झाला तो. भाऊ माझ्या एकटीचा. तर एवढं लिहा बाई, की हे चुकून झालं. यांना दिसलं नाही. चुकून, हा शब्द घालाच. पुस्तकात राहील तो."

बाईनं पेन उघडलं. "चुकून," ती लिहिता लिहिता म्हणाली.

मास्तरांनी आजवर पुष्कळ गिळलं होतं. गावाचं हसणं गिळलं, माहेरच्यांचे शाप गिळले, बायकोचा विश्वास तर रोज दोन वेळा जेवणाबरोबर गिळला. पण आपलं खोटं तिच्या तोंडून, तिच्या नावानं छापलं जाणार आणि आपण मेल्यावरही ते तसंच राहणार, हे काही केल्या घशाखाली उतरेना. सावली टेबलावर चढून त्यांच्या हातावर आली होती.

"नका लिहू," ते म्हणाले. "चुकून नाही. मला दिसलं होतं."

बायकोनं त्यांच्याकडे मान वळवली.

"पायरी उतरला तेव्हाच दिसलं. हाक तोंडाशी आली होती. समोरून न्हाव्यानं हात केला, थांबा, मजा बघा म्हणून. मलाही हसू आलं. म्हटलं, कोपऱ्यापर्यंत जाऊ दे, मग हाक मारू. कोपरा आला. तो वळला. आणि मी हसतच होतो गं."

बाईनं पेनाचं टोपण लावलं.

बायको उंबऱ्यावर जाऊन बसली, अर्धवट राहिलेलं काज हातात घेतलं आणि पुरं केलं. गाठ मारली. दोरा दातानं तोडला.

"वीस वर्षांमागं तुम्ही त्या पुतळ्याच्या खांद्यातल्या चिंध्या काढल्यात," ती कापडाकडे बघत म्हणाली. "कचऱ्यातून काढून मीच परत शिवल्या. मला वाटलं, यांना दुःख बघवत नाही. म्हटलं, यांना नसेल बघवत, पण तेवढाच तर उरलाय तो. म्हणून शिवल्या." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं मी तुमच्या बाजूनं भांडले. बापाच्या मयताला गेले नाही. दिसलं असतं तर हाक मारली असती, म्हणत राहिले. तुम्ही मोकळे झालात आज. मी काय करू?"

मास्तरांनी टेबलावरची कात्री उचलली आणि परत होती तिथं ठेवली.

"काय लिहू?" बाईनं दबकत विचारलं.

"आज काही लिहू नका," बायको म्हणाली. "उद्या सकाळी मी येते. वाचनालयात बसता ना तुम्ही? माझ्या तोंडानं सांगते."

त्या रात्री ताट वाढलेलं होतं, पाणी भरलेलं होतं, अंथरूण घातलेलं होतं. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त ती नव्हती त्यात. मास्तर छताकडे बघत पडून राहिले. ती काय सांगेल, काय छापलं जाईल, याची त्यांना आता भीती नव्हती. भीती ही होती, की ती वाचनालयात गेली आणि तशीच पुढे निघून गेली तर? तिचा भाऊ असाच गेला होता, सकाळच्या वेळी, नीट कपडे करून.

कोशात पुढे काय छापून आलं, ते कोणीही उघडून बघावं. 'मेव्हणकी (स्त्री.): व्यक्तीची किंवा कचेरीची टर उडवणारा निनावी लेखी मजकूर, चारचौघांना दिसेल असा लावलेला. एका शिंप्याने बायकोच्या भावावर लिहून कोटाच्या पाठीला टोचलेल्या चिठ्ठीवरून. ती पाठीवर घेऊन तो भर रस्त्याने गेला. सर्वांनी वाचली. त्याला कोणी सांगितले नाही.' चुकून हा शब्द त्यात नाही. हाक न मारणाऱ्यात शिंपी होता, हेही वेगळं काढून लिहिलेलं नाही. सर्वांनी म्हणजे सर्वांनी.

पण हे छापून यायला पुढे दोन वर्षं लागली. मला सांगायची आहे ती त्या सकाळची गोष्ट.

ती बाहेर जायचं लुगडं नेसून, पिशवी घेऊन दुकानातून निघाली. मास्तरांकडे पाहिलं नाही. पायरी उतरली, चालू लागली. मास्तर मशीनपाशी बसले होते. तिची पाठ दिसली, आणि पाठीवर, पदराच्या खाली, पांढऱ्या दोऱ्याचा एक लांबच लांब तुकडा चिकटलेला दिसला. कच्च्या टाक्यांचा दोरा. शिंप्याच्या घरात असले दोरे कोणाच्याही अंगाला लागतात. रोज लागतात आणि रोज पडतात. समोर न्हाव्याचा मुलगा दुकान झाडत होता. त्यानंही पाहिलं आणि परत झाडू लागला. दोऱ्यात काय बघायचं?

"अगं, थांब!" मास्तर ओरडले.

ती थांबली नाही. भाजीवाला थांबला, सायकलवरचा माणूस थांबला, अख्खी गल्ली वळून बघायला लागली. ती चालतच राहिली. कोपरा दहा पावलांवर आला.

मास्तर उठले. काठी घेतली नाही, चपला घातल्या नाहीत. पायरीवरून पडता पडता वाचले आणि पळत सुटले. म्हाताऱ्याचं ते पळणं म्हणजे काय, लंगडत लंगडत, भिंतीला हात टेकत, "थांब गं, थांब, ऐक माझं," असं ओरडत. पोरं हसायला लागली. हसू देत. आज ज्याला हसायचं त्यानं हसावं.

कोपऱ्यावर ती थांबली. वळली मात्र नाही. मास्तर धापा टाकत मागे येऊन पोचले. दोन वेळा चुकत, तिसऱ्यांदा त्यांनी तो दोरा चिमटीत धरला आणि पाठीवरून काढला.

तिला ते जाणवलं. तिनं मान अर्धवट वळवली, त्यांच्या चिमटीतला दोरा पाहिला, मग त्यांचे अनवाणी पाय पाहिले.

"एवढंच करायचं होतं हो तेव्हा," ती म्हणाली.